पावसात बेसिल पिवळं पडतंय? खत घालायच्या आधी हे बघा

मे महिन्यात कुंडीभर फोफावलेलं बेसिल आर्द्रा लागेपर्यंत पिवळं आणि आषाढी एकादशीपर्यंत नुसत्या काड्या. दर वर्षी हेच. जुलै उजाडला की कुणी ना कुणी कुंडी काखेत मारून माझ्या पडवीत हजर होतं आणि पहिलं वाक्य ठरलेलं असतं, "खत काय घालू?"

मी गुहागरच्या बाजूला राहते, समुद्र घरापासून चालत दहा मिनिटांवर. घरगुती रोपवाटिका आहे आणि सीझनला पाहुण्यांना जेवू घालते, त्यामुळे बेसिल लावणं आणि रांधणं दोन्ही माझ्याच अंगावर. माझी स्वतःची पहिली तीन वर्षांची रोपं अशीच गेली. त्यानंतर लोकांची एवढी पाहिली की आता कुंडी उचलल्यावर वजनावरूनच निम्मा अंदाज येतो. दहातल्या सात-आठ कुंड्यांना खत नको असतं, पाणी तोडायला हवं असतं. म्हणून खताचा मुद्दा मी मुद्दामच खाली ढकलला आहे.

आधी लक्षणं नीट बघा

"पिवळं पडलं" एवढ्यावर काही ठरत नाही. कुठलं पान पिवळं, कसं पिवळं, ते बघा.

– खालची जुनी पानं सरसकट पिवळी, मऊ, हात लागला की गळतात, आणि कुंडी उचलायला जड: पाणी जास्त.
– पान वरून पट्ट्यापट्ट्यांनी पिवळट, पिवळेपणा शिरांच्या मधल्या चौकटीत अडकलेला, खालून राखाडी-जांभळट धूळ: बुरशी. हिला डाउनी मिल्ड्यू म्हणतात, आपल्याकडे केवडा.
– शेंड्याची कोवळी पानं पिवळी, पण शिरा हिरव्याच: लोह मिळत नाही.
– पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत: मीठ.
– रोप दुपारी मान टाकतं, संध्याकाळी सावरतं, आणि एक दिवस सावरतच नाही. खोडावर तपकिरी पट्टा: मर रोग. हा शेवटी घेते, कारण तिथे आपल्या हातात फारसं काही नसतं.
– रोप उंच, लुकडं, मंजिऱ्या आलेल्या, पान चावलं तर कडवट: हा आजार नाही. तुम्ही खुडलं नाहीत, एवढंच.

दोन लक्षणं एकत्रही असतात. जास्त पाणी आणि केवडा तर हातात हात घालूनच येतात.

पहिली तपासणी: पाणी कोण कोण घालतंय?

खर्च शून्य. फक्त घरात विचारायचं, आणि तेच सगळ्यात अवघड.

आमच्याकडे काय होत होतं ते सांगते. सासूबाई अंघोळ करून तांब्या घेऊन तुळशीपाशी जात. तुळशीला पाणी घातल्यावर तांब्यात जे उरे ते शेजारच्या बेसिलला. "तीही तुळसच की." ह्यांना सकाळी दात घासताना पाइप धरायची सवय, त्यात बेसिल भिजे. आणि संध्याकाळी मी, पीक माझं म्हणून, वेगळं पाणी घालणार. तिघांपैकी कुणालाच दुसऱ्याचा पत्ता नाही. वर पाऊस होताच.

नात्याबद्दल सासूबाईंचं चुकत नव्हतं. दोन्ही ऑसिमम या एकाच घराण्यातल्या. तुळस म्हणजे ऑसिमम टेन्युइफ्लोरम आणि बेसिल म्हणजे ऑसिमम बॅसिलिकम. आपण फालुद्यात घालतो तो सब्जा म्हणजे या बॅसिलिकमचंच बी. पण नातं सारखं म्हणून प्रकृती सारखी नसते. तुळस लवकर काष्ठ धरते, पान लहान, लवदार. वृंदावन उंचावर असतं आणि पाणी वाहून जातं. इटालियन बेसिलचं पान मोठं, गुळगुळीत, रसाळ, खोड कोवळं. तुळस जे सोसते ते हिला सोसत नाही.

बोट दुसऱ्या पेरापर्यंत मातीत घाला. ओल लागली तर पाणी नाही, मग घालून चार दिवस झालेले असोत. कुंडीखाली बशी असेल तर ती जूनमध्येच काढून टाका. बशीत साठलेलं पाणी माती परत वर ओढते, शिवाय डास होतात ते वेगळेच.

हे इतकं का लावून धरायचं, तर मुळांना हवा लागते. मातीतली पोकळी पाण्याने भरली की मुळं गुदमरतात, मग कुजतात, आणि कुजलेलं मूळ अन्न ओढू शकत नाही. मातीत नत्र असतं, पण रोप भरल्या ताटावर बसून उपाशी. मग ते जुन्या पानांतलं नत्र काढून शेंड्याला देतं आणि खालची पानं पिवळी पडतात. दिसायला ही थेट भुकेची खूण, म्हणूनच लोक खत घालायला धावतात. कुजत्या मुळांवर शेणखताचं पाणी ओतलं की उरलेलं रोप आठवड्यात संपतं. मी हे स्वतःच्या हाताने केलेलं आहे.

दुसरी: कुंडी कुठे ठेवलीय?

हीसुद्धा फुकट, फक्त कंबर वाकवावी लागते.

पागोळीखाली कुंडी नको. कौलावरून येणारी धार मातीत खड्डा पाडते, चिखल पानांवर उडवते आणि कुंडी दिवसभर ओली ठेवते. वरून उघडी जागा तर नकोच. आपल्याकडे वर्षाला तीन-साडेतीन हजार मिलिमीटर पाऊस, आणि तो बहुतेक सगळा चार महिन्यांत. असा पाऊस सोसणारी पिकं वेगळी. भात आहे ना!

पडवीच्या पूर्वेच्या कडेला ठेवा. पावसाळी वारा पश्चिमेकडून झोडपतो, पूर्वेला झड कमी लागते आणि उघडीप झालीच तर सकाळचं ऊन मिळतं. कुंडी थेट जमिनीवर न ठेवता कौलाच्या तीन तुकड्यांवर टेकवा, म्हणजे खालचं भोक मोकळं राहतं. दोन कुंड्यांमध्ये हात सहज फिरेल इतकं अंतर ठेवा.

काही जण प्रेमापोटी कुंडीवर प्लॅस्टिकचा कागद चारी बाजूंनी बांधतात. तसं करू नका. आत वाफ कोंडते आणि केवड्याला याहून चांगलं घर मिळणार नाही.

तिसरी: पान उलटा

पहिल्या दोन तपासण्या करूनही पिवळेपणा थांबत नसेल तर सकाळी उजाडताच, चहाच्याही आधी, कुंडीपाशी जा. मधल्या उंचीवरचं एक पिवळट पान धरून उलटं करा आणि उजेडाकडे तिरकं धरा. शिरांनी आखलेल्या चौकटींत राखाडी, किंचित जांभळट बुकणी दिसली तर तो केवडा. बोट फिरवलं तर बोटाला मळकट लागतं. अगरबत्तीची राख ओल्या कागदावर सांडावी तसं दिसतं.

सकाळीच का? या बुरशीला बीजाणू धरायला अंधार आणि दमट हवा दोन्ही लागतात. रात्रभरात तयार झालेले बीजाणू सकाळी ताजे दिसतात. ऊन चढलं, वारा सुटला की ते उडून शेजारच्या कुंडीवर. दुपारी बघाल तर नुसतं पिवळं पान दिसेल आणि तुम्ही परत खताच्या पिशवीकडे वळाल.

बागकामाच्या जुन्या पुस्तकांत हा रोग सापडत नाही, त्याचं कारण आहे. युरोपात बेसिलवर तो २००१ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये नोंदला गेला, अमेरिकेत २००७ मध्ये फ्लोरिडात. तिकडेही सुरुवातीला तो खताची कमतरता समजला जायचा. त्यामुळे तुमची फसगत झाली असेल तर वाईट वाटून घेऊ नका.

सापडला तर डागाळलेली पानं तिथल्या तिथे पिशवीत खुडा. पिशवी झाडाजवळ न्यायची, पानं झाडापासून लांब नेत झटकायची नाहीत. कंपोस्टात टाकू नका, चुलीत घाला. निम्म्याहून जास्त पानं गेली असतील तर मन घट्ट करून चांगली पानं त्याच दिवशी खुडून स्वयंपाकघरात आणा आणि रोप उपटा. ते वाचत नाही, वाचल्यासारखं दाखवतं आणि तोवर बाकीच्यांना लावतं. त्या रोपाचं बीही धरू नका, रोग बियांतून पुढे जातो.

फवारणीचं विचाराल, तर मी करत नाही. दुकानात बुरशीनाशक मिळतं, पण लेबलावर कुठलं पीक आणि फवारल्यावर किती दिवसांनी काढायचं ते लिहिलेलं असतं, आणि त्या यादीत कुंडीतलं बेसिल नसतं. हे पान आपण कच्चं वाटून खातो. निंबोळी तेलाने केवडा हटल्याचं मला कधी दिसलं नाही, चटणीला मात्र आठवडाभर कडूजहर वास आला.

चौथी: तुम्ही खुडताय का?

"एवढं छान आलंय, तोडवत नाही," असं म्हणणाऱ्यांचं रोप सगळ्यात आधी जातं. दाट पानांत वारा शिरत नाही, आणि मंजिरी धरली की रोपाचं लक्ष बियांकडे लागतं. पान लहान, जाड, कडसर होतं.

एकेक पान तोडू नका. शेंडा धरा, खाली जिथे समोरासमोर दोन पानं फुटलीत त्या पेराच्या अर्धा बोट वर कात्रीने कापा. त्या दोन बगलांतून दोन फांद्या येतात. दर दहा-बारा दिवसांनी हे केलं की रोप बुटकं आणि भरगच्च राहतं. कापलेला शेंडा फुलपात्रात पाण्यात ठेवला तर आठ-दहा दिवसांत पांढरी मुळं फुटतात. मी मे अखेरीला अशी चार-पाच फुलपात्री खिडकीत मांडते. बाहेरचं रोप गेलंच तर घरात वाण शिल्लक राहतं.

पाचवी: कुंडी उपडी करा

आता हात घाण होणार, आणि थोडे पैसेही जाणार. खोड दोन बोटांत धरून कुंडी उलटी करा, बुडावर थाप मारा, मातीचा गोळा बाहेर येईल. मुळं पांढरी, चिवट असतील तर ठीक. तपकिरी, चिकट, ओढल्यावर साल निघून आत दोऱ्यासारखं काही उरत असेल, आणि तुंबलेल्या गटारासारखा वास असेल, तर मुळं कुजलीत. कुजका भाग कापा, वरचंही तेवढंच कमी करा आणि नव्या मातीत लावा.

शहरातून आणलेली मॉलमधली कुंडी असेल तर आणखी एक गोष्ट बघा: ते एक रोप नसतं, एका कुंडीत दहा-पंधरा रोपं दाटीवाटीने वाढवलेली असतात. ती वेगळी करून तीन-तीनची लावा. मला हे कळायला दोन कुंड्या मारायला लागल्या.

आमची लाल माती परसात चांगली, पण कुंडीत ती बसते आणि विटेसारखी होते. मी एक भाग चाळलेली लाल माती, एक भाग जुनं शेणखत, एक भाग नारळाचा भुसा आणि अर्धा भाग वाळू घेते. वाळू नदीची. पहिल्या वर्षी मी शहाणपणा करून पुळणीवरून बादलीभर वाळू आणली होती, फुकट आणि किती स्वच्छ! पंधरा दिवसांत सगळ्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या झाल्या. भुशातही मीठ असतं, कारण नारळाची सोडणं (वरची साल) बऱ्याचदा खाडीच्या पाण्यात कुजवलेली असतात. गोड्या पाण्यात भिजवून, पिळून, तीनदा पाणी बदला. पहिलं पाणी कोऱ्या चहासारखं निघेल.

सहावी: मीठ

ही पावसाळ्याची नाही, फेब्रुवारी ते मे या दिवसांतली भानगड. कडा करपत असतील, मातीवर पांढरी पापडी येत असेल, तर पाणी कुठलं घालताय ते बघा. किनाऱ्याजवळच्या बोअरला उन्हाळ्यात मचूळ पाणी येतं. जिभेला जाणवलं नाही तरी कुंडीत ते साठत जातं. आठवड्यातून एकदा विहिरीच्या गोड्या पाण्याने कुंडी खालून वाहीपर्यंत धुवा. खारा वारा थेट लागत असेल तर कुंडी भिंतीआड घ्या.

सातवी: आता खत

इथवर सगळं ठीक निघालं, तरच. महिन्याला मूठभर गांडूळखत पुरतं. जुलै-ऑगस्टमध्ये तेही नाही. ऊन नसताना खाल्लेलं पचत नाही, नुसती मऊ, रोगट पालवी फुटते.

शेंड्याची पानं पिवळी आणि शिरा हिरव्या असतील तर चुलीतली राख घालताय का ते आठवा. राखेने मातीची आम्लता मोडते, आणि मग मातीत लोह असूनही मुळांना घेता येत नाही. जांभ्याच्या लाल मातीत लोहाची कमतरता म्हणजे समुद्रात मासा न मिळण्यासारखं, पण राखेच्या मेहेरबानीने तेही होतं. राख बंद करा, वरची माती बदला.

स्वयंपाकघरातल्या तक्रारी

"फ्रिजमध्ये पानं काळी पडली." पडणारच. बेसिल उष्ण हवेतलं. दहा-बारा अंशांखाली पान आतून मोडतं आणि काळं होतं. देठासकट तोडा, पाण्याच्या पेल्यात ओट्यावर ठेवा, वर सैल पिशवी. कोथिंबिरीची सवय इथे उपयोगाची नाही.

"पेस्तो शेवाळासारखा दिसतो." पेस्तो म्हणजे बेसिलची इटालियन चटणी. तुमचा मिक्सर गरम झाला. पान ठेचलं की त्यातलं विकर हवेशी मिळून रंग काळवंडवतं आणि उष्णतेने ते वेगाने होतं. भांडं आधी फ्रीजरमध्ये ठेवा, थांबत थांबत फिरवा. साठवायचं असेल तर पानं उकळत्या पाण्यात दहा सेकंद बुडवून लगेच बर्फाच्या पाण्यात टाका, रंग टिकतो. थोडा वास जातो, एवढंच.

"कडू झाला." पान मंजिरीनंतरचं असेल, नाहीतर ऑलिव्ह तेल मिक्सरमध्ये फार फिरवलंत. तेल शेवटी, चमच्याने मिसळा. माझं माप: पन्नास ग्रॅम पानं, तीस ग्रॅम काजू, लसणीची एकच पाकळी, चाळीस ग्रॅम किसलेलं चीज, सत्तर मिली तेल. इटलीत जिनोव्हाकडे चिलगोज्यासारखे पाइनच्या झाडाचे दाणे घालतात आणि अगदी कोवळ्या रोपाची पानं घेतात. आपल्याकडे काजू घरचा, मग दाणे कशाला शोधा. खोबरेल तेल मात्र घालू नका, फ्रिजमध्ये थिजतं आणि वास सगळ्यावर बसतो.

"सब्ज्याचं बी पेरलं, पण चव बडीशेपेसारखी." वाण्याकडचा सब्जा त्याच जातीचा असला तरी सुवास वेगळ्या घडणीचा. पेस्तोला चालत नाही. तिसऱ्या (शिंपल्या) लसणीवर परतून शेवटी ही पानं मूठभर घाला, गॅस बंद करून. तिथे तो इटालियनपेक्षा सरस लागतो.

आणि एक महत्त्वाचं. तेलात बुडलंय म्हणून पेस्तो लोणच्यासारखा बाहेर टिकेल असं समजू नका. लोणच्याला मीठ आणि आंबटपणा राखतो, इथे दोन्ही नाममात्र. कच्ची लसूण तेलाखाली हवेविना राहिली तर बोट्युलिझम नावाच्या जीवघेण्या विषबाधेचा धोका असतो, आणि त्याला ना वास येतो ना बुरशी. फ्रिजमध्ये तीन-चार दिवस, नाहीतर बर्फाच्या साच्यात गोठवा. आमच्याकडे आगोटीला पापड, सोलं, सुकी मासळी भरतात, तेव्हाच मी मेमधलं सगळं बेसिल खुडून तीन साचे भरते. खरं सांगायचं तर कोकणातल्या जुलैशी भांडण्यापेक्षा हे सोपं. नवं बी घटस्थापनेला टाका, दिवाळीनंतर पहिली खुडणी.

(एका पाहुण्याने विचारलं, थाई पद्धतीचं चिकन कराल का? त्यात जी पानं लागतात ती खुद्द तुळशीची, बेसिलची नाहीत. सासूबाई ऐकून क्षणभर गप्प झाल्या, मग म्हणाल्या, "त्यांना म्हणावं तिकडे खा.")

इथे थांबा

रोप पाणी असूनही मान टाकतंय, मुळं बरी दिसतात, तर खोड मातीलगत कापा. कापलेल्या तोंडावर तपकिरी कडं दिसलं तर फ्युजेरियमची मर. यावर घरी उपाय नाही. ही बुरशी मातीत कित्येक वर्षं राहते, म्हणून ती माती परसात ओतू नका, त्या कुंडीत परत बेसिल नको, कात्री ब्लीचिंगच्या पाण्यात बुडवून घ्या.

एखाद-दुसरी कुंडी असेल तर विषय संपला, नवं रोप आणा. पण वाफ्यात लावलं असेल, विकण्यासाठी असेल, किंवा सलग दोन हंगाम रोपं मरत असतील, तर अंदाजाने औषधं ओतणं थांबवा आणि जाणकाराला दाखवा. दापोलीला डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठात वनस्पती रोगशास्त्र विभाग आहे. जवळचं कृषी विज्ञान केंद्रही चालेल. नुसतं विचारायचं असेल तर किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर फुकट आहे आणि मराठीत बोलतात.

जाताना एक पिवळं पान खिशात घालून जाऊ नका. आजारी पण अजून जिवंत असलेलं अख्खं रोप मुळांसकट, ओंजळभर मातीसह न्या. वर्तमानपत्रात गुंडाळा, प्लॅस्टिकमध्ये नाही. प्लॅस्टिकमध्ये दापोलीपर्यंत त्याचा चिखल होतो आणि मग तिथले लोकही हात टेकतात. पाणी कुठलं, माती कुठली, काय काय घातलं, हे कागदावर लिहून न्या, सासूबाईंच्या तांब्यासकट.